खताच्या पोत्यातून उभी राहिलेली सहकारी संस्था 🇮🇪

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगॉल परगणा आहे. जमीन खडकाळ, शेतं तुकड्या-तुकड्यांची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्याचा दुकानदार हाच सावकार असे. खत, पीठ, चहा त्याच्याकडूनच उधार घ्यायचं आणि अंडी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने विकायची.

याच भागातला पॅडी गॅलाहर लहानपणीच स्ट्रबेनच्या मजूर-बाजारातून गडी म्हणून राबायला गेला. पुढे स्कॉटलंडमध्ये मजुरी करताना त्याने सहकारी दुकान पाहिलं. गावी परतल्यावर त्याला कळलं, की संस्था नोंदवली तर खत घाऊक दराने मिळतं. १९०६ मध्ये डनलो परिसरात मूठभर शेजाऱ्यांनी मिळून टेंपलक्रोन सहकारी संस्था काढली.

व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला. पण संस्था खतावरून किराणा, अंड्यांची विक्री आणि बायकांना रोजगार देणाऱ्या विणकाम कारखान्यापर्यंत वाढली. लोक गॅलाहरला ‘पॅडी द कोप’ म्हणू लागले (‘कोप’ म्हणजे ‘को-ऑप’चा तिथला उच्चार). ‘द कोप’ आजही सुरू आहे!

या यशामागे दोन गोष्टी होत्या. एक, शेजाऱ्यांचा परस्परांवरचा विश्वास. यालाच अभ्यासक ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. दुसरी, बाहेरचा आधार. होरेस प्लंकेट यांनी १८९४ मध्ये स्थापन केलेली आयरिश कृषी संघटना गावोगावच्या सहकारी संस्थांना मार्गदर्शन करत होती. नुसत्या विश्वासाने घाऊक माल मिळत नाही आणि नुसत्या नोंदणीने माणसं टिकत नाहीत.

आपल्याकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचं भागभांडवल जमवून साखर कारखाना उभारला, तोही याच वाटेने.

तुमच्या गावातली कोणती सहकारी संस्था अजून सभासदांच्या हातात आहे? कमेंटमध्ये सांगा 👇

#सहकार #ग्रामविकास #आयर्लंड