संगम पाण्याखाली, नकाशात मात्र शाबूत

महाबळेश्वर तालुक्यात तापोळ्याजवळ सोळशी नदी कोयनेला मिळते. आज तिथे संगम शोधाल तर सापडायचा नाही. दिसतो तो शिवसागर जलाशय. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस हेळवाकजवळच्या कोयना धरणात पाणी अडले आणि नदीकाठची भातखाचरे, वाड्या बुडाल्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या धरणापूर्वीच्या एक इंची नकाशात मात्र ही दोन्ही पात्रे जागच्या जागी आहेत. हा मुलूख 47 जी या गटात येतो.

शेतकरी बंधूंनो, असा नकाशा भिंतीवर टांगण्यापुरता नसतो, तो वाचावा लागतो. एक इंच म्हणजे जमिनीवर एक मैल. तपकिरी रेषा समान उंचीच्या. दोन रेषांत साधारण 50 फुटांचे अंतर. पाव इंचात, म्हणजे 1320 फुटांत, चार रेषांची चढण असली तर उंची वाढली 200 फूट. शंभर फुटांस सुमारे 15 फूट उतार झाला. अशा जमिनीत उभी नांगरट केली तर माती थेट ओढ्यात जायची. तिथे समपातळी चर, गवत आणि झाडेच बरी. निळी रेघ बारमाही पाण्याची, काळी कोरड्या ओढ्याची. बंधाऱ्याची जागा धरताना एवढा फरक ओळखला तरी पुष्कळ.

आता हक्काचे बघू. कोयनेची माणसे उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. राज्याचा पहिला कायदा 1976 चा. त्यामुळे आजही कित्येक घरांतून जुन्या जमिनीचे कागद शोधणे चालते. वाडी कुठे होती, वाट कुठून जात होती, हे नकाशा सांगेल. पण जमीन कोणाची, हे त्यात नसते. त्यासाठी जुना सातबारा, फेरफार आणि भूसंपादनाचा निवाडाच लागतो. नकाशा हातात घेऊन कचेरीत भांडायला जाऊ नका. आधी गावाचे नाव आणि जागा पक्की करा, मग उतारे मागा.

तलाठी व ग्रामसेवकांनी पाणलोटाची कामे आखण्यापूर्वी जुना आणि आजचा नकाशा शेजारी ठेवावा आणि गावच्या म्हाताऱ्या माणसांना बोलवावे. नकाशात नाव नसलेला झरा त्यांना नेमका ठाऊक असतो. ती माणसे आहेत तोवरच हे काम उरकून घ्या.