‘सेव्हरली’ म्हणजे टीटीएमएम नव्हे! कर्जाच्या कागदावरचा हा शब्द समजून घ्या



बँकेत कर्जाचे कागद पुढ्यात येतात. साहेब पेन्सिलने फुल्या मारून देतात आणि आपण फुलीवर सह्या करत सुटतो. पानं भरपूर, भाषा इंग्रजी, सगळं कोण वाचणार? मान्य आहे. पण सही करणारे एकापेक्षा जास्त असतील, तर त्या पानांत एक शब्दजोडी बहुतेक वेळा असतेच. ती तेवढी शोधा : ‘जॉइंटली अँड सेव्हरली’.

यातलं ‘जॉइंटली’ कळतं. सगळ्यांनी मिळून. घोळ होतो तो ‘सेव्हरली’चा.

शब्दाचा अर्थ काय?

‘सेव्हरल’ म्हणजे ‘बरेच’ असं आपण शाळेत शिकलो. म्हणून ‘सेव्हरली’ म्हणजे ‘बऱ्याच जणांनी मिळून’ असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. ‘सेव्हरल’ आणि ‘सेपरेट’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आलेत. ‘सेव्हरली’ म्हणजे वेगवेगळं, एकेकट्याने, स्वतंत्रपणे. मराठी कागदपत्रांत ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ किंवा ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ असं लिहिलेलं असतं, ते हेच.

आता खरी गोम. ‘वेगवेगळं’ म्हटलं की आपल्या डोक्यात येतं टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. हॉटेलचं बिल वाटून घेतो तसं. पण ‘जॉइंटली अँड सेव्हरली’मध्ये कर्जाची वाटणी होत नाही. प्रत्येक जण एकटा, पूर्ण रकमेला जबाबदार असतो.

उदाहरण बघा

समजा, तिघांनी मिळून मसाल्याचा धंदा सुरू केला. भागीदारी सारखी. कर्ज 9 लाख. धंदा बसला आणि फर्मकडे काहीच उरलं नाही. एक भागीदार गावी गेला, दुसऱ्याच्या नावावर काही नाही, तिसऱ्याचा पगार आणि फ्लॅट आहे. बँक कोणाकडे जाईल? तिसऱ्याकडे. किती मागेल? 3 लाख नाही, पूर्ण 9 लाख. “माझा वाटा तिसरा हिस्सा आहे” हे उत्तर बँकेला चालत नाही.

ही काही बँकेची दादागिरी नाही. भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 25 मध्येच लिहिलंय की भागीदार असताना फर्मने केलेल्या प्रत्येक व्यवहाराला प्रत्येक भागीदार इतरांसोबत आणि एकटाही जबाबदार आहे. म्हणजे हा शब्द कागदावर नसला तरी भागीदारीत तो लागू आहेच.

मग तिसऱ्याने भरलेल्या जादा 6 लाखांचं काय? ते बाकी दोघांकडून वसूल करायचा हक्क त्याला आहे. पण क्रम लक्षात घ्या : आधी बँकेला भरा, मग पार्टनरच्या मागे फिरा.

“आमचं कर्ज विनातारण आहे, आम्हाला काय भीती?” असंही बरेच जण म्हणतात. विनातारण म्हणजे मालमत्ता गहाण नाही, एवढंच. जबाबदारी कुठेच गेलेली नाही.

जामीनदाराचं काय?

“फक्त सही कर रे, नावापुरती आहे.” मित्रांनो, नावापुरती सही असं काही नसतं! करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे, अशी सक्ती नाही.

खात्यावर तोच शब्द, वेगळं काम

फर्मचं करंट अकाउंट उघडताना खातं कसं चालवणार, असं विचारतात. तिथे ‘जॉइंटली’ लिहिलं तर चेकवर सगळ्यांच्या सह्या लागतात. ‘सेव्हरली’ लिहिलं तर कोणीही एक जण एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतो. कर्जाच्या कागदावर ‘सेव्हरली’ म्हणजे एकट्यावर पूर्ण जबाबदारी. खात्याच्या फॉर्मवर ‘सेव्हरली’ म्हणजे एकट्याला पूर्ण अधिकार. दोन्हीकडे अर्थ ‘एकट्याने, पूर्ण’ असाच आहे, बरं का.

मग करायचं काय?

1. भागीदारी करार लेखी करा. नफा-तोटा कसा वाटायचा, एकाने कर्ज भरलं तर बाकीच्यांनी किती दिवसांत परत द्यायचं, हे त्यात लिहा. बँकेवर हे बंधनकारक नाही, पण आपापसातल्या वसुलीला हाच कागद कामी येतो.

2. खात्यावर किमान दोन सह्या ठेवा. थोडी धावपळ होते, पण झोप शांत लागते.

3. भागीदारी सोडताना नुसतं सांगून निघू नका. तुम्ही भागीदार आहात हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी जाहीर नोटीस निघेपर्यंत तुमची जबाबदारी चालूच राहते. नोंदणीकृत फर्म असेल तर रजिस्ट्रारला कळवणं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात नोटीस देणं, हे सगळं करा. जुन्या कर्जातून सुटायचं तर बँकेची संमती लागते, ती लेखी घ्या.

4. एलएलपीचा विचार करा. 2008 च्या कायद्याने आलेल्या या प्रकारात, केवळ भागीदार आहात म्हणून संस्थेचं कर्ज तुमच्या घरावर येत नाही. पण बँक वैयक्तिक हमी मागते का ते बघा. ती दिलीत, तर ‘सेव्हरली’ मागच्या दाराने परत घरात!

भागीदारीला घाबरा, असं मी म्हणत नाही. एकट्याला न झेपणारा धंदा चौघांत उभा राहतो. फक्त पार्टनर निवडताना “याचा वाटा किती?” एवढंच विचारू नका. “उद्या याचा वाटा मला भरावा लागला, तर माझी तयारी आहे का?” हेही विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल सही करा.

रकमेचा आकडा मोठा असेल तर सहीआधी वकील किंवा सीएला कागद दाखवा. आणि हा लेख आजच तुमच्या पार्टनरला पाठवा. सही दोघांची आहे, अर्थही दोघांना कळायला हवा!