फंडाचे पैसे वेगळे, धंद्याचे पैसे वेगळे! रिटायर होण्याआधी हा हिशेब करा



आपल्या ट्रेनिंगला रिटायरमेंटच्या उंबरठ्यावरचे बरेच सरकारी कर्मचारी येतात. कुणाला मसाल्याचं युनिट टाकायचंय, कुणाला डेअरी. प्रश्न मात्र एकच: "सर, ग्रॅच्युइटी, जीपीएफ, रजेचे पैसे येतील. कुठे टाकू म्हणजे जास्त वाढतील?"

माझं उत्तर कुणाला आवडत नाही, तरी सांगतो. तुम्ही धंदा टाकताय ना? मग तुमची सगळी जोखीम तिथे लागली. उरलेला पैसा अगदी कंटाळवाण्या जागी ठेवा. शेअर बाजार पडला आणि त्याच वर्षी दुकानही चाललं नाही, तर साठीत सावरायला वेळ कुठून आणणार?

कंटाळवाणी जागा म्हणजे पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. मर्यादा 30 लाख, मुदत पाच वर्षं. 2023 पासून दर 8.2 टक्के आहे. खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. 30 लाखांवर दर तीन महिन्यांनी 61,500 रुपये व्याज येतं (टॅक्स लागतो, विसरू नका). 58 व्या वर्षी रिटायर होणाऱ्यांनी साठीची वाट बघायची गरज नाही. निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. ही तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

आणि हो, एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळी रक्कम ओळखीच्या पतसंस्थेत टाकू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. चेअरमन कितीही जवळचा असू दे.

आता धंद्याचं भांडवल. जुनी पेन्शन असणाऱ्यांसाठी इथे खरा निर्णय आहे: पेन्शन विकायची का? म्हणजे कम्युटेशन, अंशराशीकरण. समजा, केंद्राच्या कर्मचाऱ्याची मूळ पेन्शन 50,000 आहे आणि तो साठीला रिटायर होतोय. 40 टक्के, म्हणजे महिना 20,000 विकले, तर 8.194 च्या गुणकाने 19,66,560 रुपये एकरकमी हातात येतात, तेही टॅक्सशिवाय. बदल्यात पंधरा वर्षं महिन्याला 20,000 कमी मिळणार. एकूण 36 लाख!

ऐकून घाबरू नका. गणित मांडलं तर हे साधारण 9 टक्के व्याजाचं कर्ज पडतं. तारण नाही, जामीनदार नाही. तुमचं बरंवाईट झालं तर कुटुंब निवृत्तिवेतनातून वसुलीही होत नाही. महागाई भत्ता मूळ पेन्शनवरच मिळत राहतो. धंद्यासाठी इतकं सोयीचं कर्ज कुठली बँक देते, सांगा बरं! पण हेच पैसे एफडीत टाकायला पेन्शन विकत असाल, तर तो घाट्याचा सौदा आहे. 9 टक्क्यांनी घ्यायचं आणि 7 टक्क्यांनी ठेवायचं, कशासाठी?

एनपीएसवाल्यांना हा मार्ग नाही. 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते, किमान 40 टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावीच लागते. ॲन्युइटीचा हप्ता सहसा महागाईप्रमाणे वाढत नाही. म्हणून त्यांनी धंद्यात हात आणखी आखडता ठेवावा. माझ्या मते एकरकमीच्या चौथ्या भागापेक्षा जास्त नको.

आणखी एक. नोकरीत असतानाच "मिसेसच्या नावाने सुरू करू" असं बरेच जण म्हणतात. आधी आपले वर्तणूक नियम वाचा. शेवटच्या वर्षात चौकशी लागली तर ग्रॅच्युइटी अडकते.

कम्युटेशनचा फॉर्म पेन्शनच्या कागदांबरोबर पुढे येतो आणि ऑफिसमधले सगळे 40 टक्के भरतात म्हणून आपणही भरतो. तसं करू नका. वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभरात अर्ज केला तरी वैद्यकीय तपासणी लागत नाही. तेवढ्या वेळात धंद्याचं कोटेशन आणा, मशीन बघून या, जागेचं भाडं विचारा. भांडवल 8 लाखच लागणार असेल, तर 8 लाखांपुरतीच पेन्शन विका.