नावाची जबाबदारी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आलेला पाहुणा परतताना आठवणीने एखादी चादर घेऊन जातो. चादर विणण्याची विद्या कोणी कुलपात ठेवलेली नाही. ज्याच्यापाशी माग, सूत आणि कसब आहे, त्याने ती परगावीही खुशाल विणावी. मात्र तिला ‘सोलापुरी’ म्हणून विकू नये. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ सालच्या कायद्यान्वये हे नाव नोंदलेले आहे. त्या नावावर विसंबून ग्राहक पैसे मोजतो. त्याची फसगत होऊ नये, हा या नियमाचा हेतू.

वस्तू आणि नाव यांतील हाच भेद संगणकाच्या जगातही आढळतो. संगणकाने कोणते काम कसे करावे हे सांगणाऱ्या आज्ञांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभिली. असे सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, अभ्यासावे, बदलावे व इतरांस द्यावे, अशी अनुज्ञा त्याच्या परवान्यातच असते. परंतु त्याचे नाव व बोधचिन्ह यांवरील हक्क बहुधा मूळ संस्था स्वतःकडेच राखते. दुसऱ्याने केलेल्या बदलात दोष राहिला, तर त्याचा बोल मूळ कर्त्यास लागू नये, हे त्याचे कारण होय.

‘फायरफॉक्स’ या सॉफ्टवेअरची कथा या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. ते मोझिला या संस्थेचे. डेबियन नावाचा स्वयंसेवकांचा गट त्यात आवश्यक दुरुस्त्या करून ते लोकांस देत असे. फायरफॉक्सच्या बोधचिन्हाचा परवाना मुक्त नव्हता. म्हणून डेबियनने ते चिन्ह वगळले. २००६ साली मोझिलाने कळविले, की नाव वापरायचे तर चिन्हही वापरावे आणि दुरुस्त्यांस आमची संमती घ्यावी. डेबियनला हे मान्य झाले नाही. त्याने सॉफ्टवेअर तेच ठेवले आणि नाव तेवढे बदलून ‘आइसवीझल’ केले. आगीच्या जागी बर्फ आला आणि कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा एक चपळ प्राणी! पुढे दोघांत समेट झाला व २०१६ साली जुने नाव परत आले.

२०१० साली याहून मोठा प्रसंग घडला. ‘ओपनऑफिस’ या लेखनोपयोगी सॉफ्टवेअरच्या नावाची मालकी ओरॅकल कंपनीकडे गेली. तिच्या कारभाराविषयी साशंक झालेले अनेक कार्यकर्ते बाहेर पडले. नाव त्यांना नेता आले नाही. परंतु मुक्त परवान्यामुळे सॉफ्टवेअर नेता आले. त्यांनी त्यास ‘लिबरऑफिस’ असे नवे नाव दिले. आज त्यात मराठीतूनही लिहिता येते.

मुक्त परवान्याने दुसऱ्याच्या श्रमाचे फळ सर्वांस मिळते; त्याची कीर्ती मात्र मिळत नाही. ती ज्याची त्याने आपल्या कामाने मिळवावी लागते. आइसवीझल आणि लिबरऑफिस ही नावे प्रथम कोणाच्याच ओळखीची नव्हती. ती घेणाऱ्यांनी कोणाचे नाव चोरले नाही आणि हातचे कामही सोडले नाही.