चांदण्यातला नेम : ८ × ५६ कशासाठी?

जर्मनीत रानडुकराची शिकार रात्रीही कायदेशीर आहे. तिथल्या मचाणावरचा जुना जाणता स्कोप म्हणजे ८ × ५६ : प्रतिमा आठपट, पुढच्या भिंगाचा व्यास ५६ मिलिमीटर. ५६ला ८ने भागा, उत्तर ७. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा झोत डोळ्यात शिरतो, आणि अंधारात तरुण डोळ्याची बाहुलीही साधारण तेवढीच उघडते. वय वाढलं की ती पाचेक मिलिमीटरवर अडते, उरलेला प्रकाश वाया. मग पन्नाशीच्या शिकाऱ्याने ते जड नळकांडं कशाला वाहावं? त्याला १० × ५० पुरतो. उलट झूमवाला स्कोप १६ पटींवर नेला, तर ५६च्या भिंगातूनही झोत साडेतीन मिलिमीटरच उरतो; दुकानात भरदिवसा हे कळत नाही.

लेपही पाहावा. बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग बरेच. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५मध्ये त्यावर लेपाचा तोडगा काढला.

डुकराच्या काळ्या अंगावर नेमाच्या काळ्या रेघा हरवतात. मधोमध तांबडा ठिपका हवा, पण अगदी मंद करता येणारा. नाहीतर तोच डोळे दिपवतो.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे हौशी शिकारीचा प्रश्न नाही. पक्षिनिरीक्षकाच्या ८ × ४२ दुर्बिणीला मात्र हाच भागाकार लागू : सव्वापाच.