डांग: शेजारच्या राज्यातला ओळखीचा जिल्हा

नाशिकहून सापुताऱ्याला फिरायला गेला असाल, तर तुम्ही गुजरातच्या डांग जिल्ह्यात जाऊन आला आहात!

सह्याद्रीच्या डोंगररांगांतला हा जिल्हा सुमारे १,७६४ चौरस किलोमीटरचा. मुख्यालय आहवा, तालुके तीन: आहवा, वघई आणि सुबीर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,२८,२९१. त्यात १०० पैकी ९४ जण आदिवासी: कोकणा, भिल्ल, वारली.

१८४२ मध्ये इंग्रजांनी सागवानासाठी इथली जंगलं भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्यानं घेतली. त्यापोटी मिळणारा सालियाना पाच राजांच्या वारसांना आजही दिला जातो, तोही होळीच्या आधी आहव्यात भरणाऱ्या 'डांग दरबार'मध्ये, थाटामाटात.

डांग मराठी की गुजराती, यावर मोठा वाद झाला. १ मे १९६० रोजी जिल्हा गुजरातमध्ये गेला. शाळा-कचेरीची भाषा गुजराती झाली. घरात मात्र डांगी, कोकणा या बोली राहिल्या. आपली नाचणी तिथं 'नागली'.

पूर्णा, अंबिका, गिरा या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात. पण पाणी डोंगरउतारावरून निघून जातं आणि उन्हाळ्यात टंचाई येते. म्हणून कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातच्या सपाटीवर उतरतात. मुलांची शाळा मागे राहते.

याच जिल्ह्यातली धावपटू सरिता गायकवाड २०१८ च्या आशियाई स्पर्धेत रिलेचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होती. सापुताऱ्याला पुन्हा जाल, तेव्हा तलाव पाहून परतू नका. आहव्यापर्यंत जा, नागलीची भाकरी खा आणि तिथल्या माणसांशी बोला. त्यांचे बरेच शब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील.