डोळ्याला अंधारी कधी आली होती?

मिरजेला न्यूरोलॉजिस्टच्या दारातल्या बाकावर सातारा, सांगली आणि सीमेपलीकडचे कानडी पेशंट खेटून बसतात. १८९४ साली वॉनलेस साहेबांचं हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हापासूनची ही वाट. कोरेगावहून वहिनीला घेऊन मीही त्या रांगेत होतो. तिचे पाय कमरेपासून बधिर, मान खाली घातली की पाठीतून करंट जायचा. गावाकडे ‘नस दबलीय’ म्हणून मालिश झालं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली.

डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्म बाजूला ठेवल्या. “ताई, मागं कधी एका डोळ्याला अंधारी आली होती?”

“नाही,” वहिनी म्हणाली. मग थांबून, “लग्नसराईत डावा डोळा दुखून धुरकट झालेला. आपोआप निवळला. नंबर बदलला असंल म्हटलं.”

ती लग्नसराई कुठल्या सालची, हे ठरवायला डॉक्टरांनी बराच वेळ घालवला. माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी तीच.

डॉक्टरांचा संशय मल्टिपल स्क्लेरोसिसवर (एमएस) होता, आणि तो एका रिपोर्टात सापडत नाही. २००१ साली आलेले त्याचे मॅक्डॉनल्ड निकष दोन गोष्टी विचारतात: मज्जासंस्थेत एकाहून जास्त ठिकाणी इजा झाली का, आणि वेगवेगळ्या वेळी झाली का. गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट टोचल्यावर ताजा डाग उजळतो, जुना नाही. म्हणून एकाच एमआरआयमध्ये दोन काळ वाचता येतात. २०२४ च्या सुधारणेनं डोळ्याची नसही त्या ठिकाणांत धरली आणि वेळेची अट काही पेशंटपुरती सैल केली.

पाठीतलं पाणी काढायला आमच्या आईचा विरोध. “त्यानं माणूस लुळा पडतो.” सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते, हे डॉक्टरांनी स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून दाखवलं. सोबत रक्तही पाठवायचं असतं. ऑलिगोक्लोनल बँड्स, म्हणजे प्रथिनांच्या पट्ट्या, पाण्यात दिसावेत आणि रक्तात दिसू नयेत, तरच त्यांना अर्थ.

एवढं होऊनही डॉक्टरांनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं नाही. घरचे वैतागले, मला ते पटलं. आपल्याकडे टीबीही मेंदूत गाठी करतो. शिवाय एनएमओ हा वेगळाच आजार डोळा आणि मणका दोन्ही धरतो. त्याची अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली. एमएसवरचं इंटरफेरॉन एनएमओच्या पेशंटला दिलं तर आजार बळावू शकतो. म्हणून वहिनीला तूर्त फक्त स्टिरॉइडची सलाईन. अँटिबॉडीचं रक्त मात्र सलाईन लावायच्या आधी काढा, असं डॉक्टरांनी सिस्टरना बजावलं.